आषाढातलं तळण आणि सहा कुंड्या

एका गावात एक बैठी चाळ होती. पाच खोल्यांत पाच भाडेकरू आणि कोपऱ्यातल्या घरात मालक. मोऱ्या सहा, पण सगळ्यांची घाण जाई एकाच टाकीत.

आषाढ लागला. आषाढात तळण करायची रीत, तेव्हा घरोघर कापण्या झाल्या, पुऱ्या झाल्या, भजी झाली. कढईत उरलेलं तेल मोरीत ओतायचं, वर तांब्याभर कढत पाणी सोडायचं, की झालं स्वच्छ! निदान त्यांना तसं वाटे.

आठ दिवसांत टाकी तुंबली. मोऱ्यांतून काळं पाणी उलटं घरात आलं. टाकी उपसायला गाडी आली, तेव्हा गाडीवाला म्हणाला, "मालक, वर तेलाची ही जाड साय धरलीय. पाणी जाणार कुठनं?"

तेलाचं नाव निघताच सगळ्यांच्या माना एकाच दाराकडे वळल्या. तिथे वडेवाली मावशी राहायची. एकटी बाई, रोज सकाळी वडे तळून एसटी स्टँडवर विकायची. तिला काही विचारावं, असं कुणालाच वाटलं नाही.

"मावशी, परवापर्यंत खोली रिकामी करा," मालक म्हणाले.

खोली गेली तर चूल जाणार आणि चूल गेली तर पोट. पण मावशीने पदर खोचला.

"जाईन की. पण आधी कुंड्या उघडायच्या."

प्रत्येक मोरीमागे, टाकीच्या वाटेवर, सांडपाण्याची एकेक छोटी कुंडी होती आणि तिच्यावर शहाबादी फरशी. मावशीने पहार आणली आणि पहिली फरशी उचलली ती स्वतःच्याच कुंडीची. आत बोटभर पिवळा थर!

"बघा, सापडला चोर!" शेजारच्या मास्तरीणबाई ओरडल्या.

मावशीचा चेहरा उतरला. तळणीचं तेल ती डब्यात साठवायची, मोरीत कधी ओतत नसे. पण तेलकट कढई तशीच साबणाने धुवायची. 'आधीच्या भाडेकरूचं असेल' म्हणून हात झटकता आले असते. तिने झटकले नाहीत.

"हे माझंच आहे. कढई पुसून घ्यायला हवी होती, मी घेतली नाही."

"मग संपलं! ठेवा ती पहार," मालक म्हणाले.

"माझी चूक मी उपसते, मालक. पण तुमच्या सगळ्यांची चूक डोक्यावर घेऊन मी घर सोडणार नाही."

तिने दुसरी फरशी उचलली, मग तिसरी. थर वाढतच गेला. मास्तरीणबाईंची कुंडी तर अर्धी भरलेली.

"अगं बाई, आम्ही वर्षातून एकदाच तळतो हो!" बाई पुटपुटल्या.

शेवटी राहिली मालकांची. ती फरशी हलेचना. मावशीने सगळा भार पहारेवर टाकला, तेव्हा कुठे ती सुटली. खाली तेलाचा थर काठापर्यंत येऊन फरशीलाच चिकटला होता.

"मावशी," मालक खाली बघत म्हणाले, "चुकलं माझं. राहा तुम्ही."

"राहते. पण यापुढे कढई आधी रद्दीने पुसायची, मग धुवायची. आणि आज ज्याची कुंडी त्याने स्वतः साफ करायची."

तिने खुरपं पुढे केलं. मालकांनी एकवार सगळ्यांकडे पाहिलं. मग नाकाला पंचा बांधला आणि आपल्या कुंडीपाशी उकिडवे बसले.

तात्पर्य काय, तर जो आपलं झाकण आधी उघडतो, त्यालाच दुसऱ्याचं उघडायचा हक्क असतो.