कुलपाचा चित्रपट

करंजवडीच्या शाळेत मुलींसाठी नवं स्वच्छतागृह बांधलं. संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब नलावडे यांनी थाटात फीत कापली, आणि घाण होऊ नये म्हणून लगेच कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवली. तेव्हापासून मुली शाळेत पाणीच पीत नसत. कुणाचं डोकं दुखे, कुणाला भोवळ येई.

नववीतल्या मितालीने आरोग्य सप्ताहासाठी यावरच मोबाइलवर छोटा चित्रपट केला. आदल्या दिवशी नानासाहेब तो तपासायला आले. पडद्यावर कुलूप दिसताच ते कडाडले, "बंद करा हे! उद्या तालुक्याचे पाहुणे येणार आहेत. शाळेचं काही चांगलं दाखवता येत नाही का तुला?"

मुख्याध्यापिकांनी मान खाली घातली. मिताली मात्र शांतपणे उभी राहिली.

"दाखवते की, साहेब. चांगलं घडलं की लगेच दाखवते. माझा कॅमेरा तयार आहे, किल्ली तुमच्याकडे आहे."

नानासाहेबांनी वर्गात समोर बसलेल्या मुलींकडे पाहिलं आणि खिशात हात घातला.

"चल," ते म्हणाले, "पण माझा चेहरा नीट येऊ दे."

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी चित्रपटाचं कौतुक केलं. शाळेतलं पाण्याचं पिंप त्या दिवशी दुपारीच रिकामं झालं.