आडवा तो उभाच

पिंपरवाडी नावाच्या गावात एक भोळा कंपाउंडर होता. त्याचं नाव भागू. गाव त्याला भोळा म्हणे, कारण तो गावचाच होता. परगावचा असता तर दुसरा शब्द तयार होता.

भागू डॉक्टर इनामदारांच्या दवाखान्यात कामाला होता. एकदा तिथं रंगराव पैलवान आला. त्याचा उजवा खांदा निखळला होता आणि यात्रेतली कुस्ती महिन्यावर आली होती. जिंकणाऱ्याला मिळणारी मानाची गदा दरवर्षी बोरगावचा महिपत न्यायचा. यंदा ती आणायची तर रंगरावानंच, दुसरं कोणी नव्हतं. सगळं गाव त्या खांद्याला टांगलेलं होतं.

डॉक्टरांनी खांदा बसवला आणि म्हणाले, "भागू, उजव्या खांद्याला पट्टी बांध."

भागू रंगरावासमोर उभा राहिला. आपला उजवा हात ज्या बाजूला, त्या बाजूचा खांदा त्यानं घट्ट बांधला. रंगराव आपल्या धडधाकट डाव्या खांद्याकडं पाहत राहिला. डॉक्टरी विद्येत आपण बोलू नये, असं त्याला वाटलं.

"अरे शहाण्या," डॉक्टर ओरडले, "उजवं-डावं आपलं नसतं! समोर जो असेल त्याचं धरायचं!"

"बरं, डॉक्टरसाहेब," भागू म्हणाला. त्यानं ते लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "कपाटाच्या उजव्या खणातलं ताकदीचं औषध रंगरावाला दे."

भागू कपाटासमोर उभा राहिला. कपाट त्याच्याकडं तोंड करून उभं होतं. म्हणजे कपाटाचा उजवा तो आपला डावा. त्या खणात जुलाबाचं औषध होतं. पुढचे दोन दिवस रंगराव तालमीत दिसला नाही. दिसला तो ओढ्याकडं पळताना, हातात तांब्या घेऊन.

"अरे, कपाट काय माणूस आहे?" डॉक्टर म्हणाले. "हाडामांसाचं असेल तिथंच शास्त्र लावायचं!"

"बरं, डॉक्टरसाहेब." भागूनं तेही लक्षात ठेवलं.

मग रंगराव टेबलावर पालथा झोपला. डॉक्टर म्हणाले, "खांद्याच्या थोडं वर शेक दे."

भागूनं गरम पाण्याची पिशवी खांद्याच्या वीतभर वर हवेत धरली. हाताला रग लागली, पण पिशवी त्यानं खाली येऊ दिली नाही.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "वर म्हणजे डोक्याकडं! खाली म्हणजे पायाकडं! माणूस चित असो, पालथा असो, शास्त्रात तो उभाच धरायचा. आडवा म्हणून समजायचाच नाही!"

"बरं, डॉक्टरसाहेब."

शरीर शहाणं असतं. एवढे उपचार होऊनही खांदा बरा झाला.

यात्रेचा दिवस आला. पंच कोण, यावरून दोन्ही गावं भांडली. शेवटी ठरलं, ज्याला लबाडी सुचणारच नाही असा माणूस हवा. सगळ्यांनी एकदम भागूकडं पाहिलं. त्याच्या गळ्यात शिट्टी घातली आणि तो देईल तो निकाल, अशी दोन्ही गावांनी शपथ घेतली.

हलगी वाजली. कुस्ती लागली. बघता बघता रंगरावानं महिपतला उचलून आपटलं आणि छातीवर बसला. महिपतची पाठ मातीला लागली. फेटे उडाले.

भागू शांत उभा होता.

"अरे, शिट्टी मार की!" लोक ओरडले. "चीतपट झाला!"

"कोण? महिपत? तो उभा आहे."

"पाठ लागलीय त्याची!"

"लागू दे. हाडामांसाचा आहे. शास्त्रात उभाच."

रंगराव महिपतच्या छातीवर बसून भागूच्या तोंडाकडं बघू लागला. तेवढ्यात डॉक्टर गर्दी फोडून आखाड्याच्या कडेला आले.

"गाढवा! ते दवाखान्यात! आखाड्यात जो आडवा तो हरला! दिसला की शिट्टी मारायची, विचार करायचा नाही!"

"बरं, डॉक्टरसाहेब," भागू म्हणाला आणि शिट्टी तोंडात धरली.

रंगरावाला भरून आलं. खांदा डॉक्टरांनी दिला, गदाही डॉक्टरांनीच दिली. तो महिपतच्या छातीवरून उठला, धावत गेला आणि डॉक्टरांच्या पायांवर साष्टांग पडला. महिपतही अंगाची माती झटकत, मान खाली घालून उभा राहिला.

भागूनं आखाड्याकडं नीट पाहिलं. एक उभा होता. एक आडवा होता.

त्यानं शिट्टी मारली आणि महिपतचा हात वर केला.

बोरगावकर गदा घेऊन नाचत निघाले. ते पाहून डॉक्टरांना घेरी आली आणि ते तिथंच मातीत आडवे झाले.

भागूनं पुन्हा शिट्टी मारली.