हिमबिबट्याचे उत्तर

एका राज्यात सपाट जमीन म्हणाल तर राजाच्या ताटाएवढी. बाकी सगळा डोंगर. खाली देवदारांची राने, वर भूर्जांची बने, त्याहून वर कुरणे आणि सगळ्यांच्या माथ्यावर बर्फ. खोटे वाटत असेल तर जाऊन पाहा. पण चढ फार आहे, तेव्हा माझ्यावरच विश्वास ठेवलेला बरा.

त्या राज्याची एक रीत होती. रानाच्या सीमेवर थांबायचे, आपले नाव सांगायचे आणि हाक द्यायची, "धनी, येऊ का?" आत मृग असो, अस्वल असो, जो धनी तो उत्तर देई. उत्तर आल्यावाचून कोणी पाऊल टाकत नसे.

राजा वज्रकेतूला ही रीत झोंबे. "राज्य माझं, आणि परवानगी अस्वलाची?"

धूमाक्ष जादूगार टपलेलाच होता. त्याने राजाच्या खांद्यांवर एक कोरी शाल घातली. "महाराज, धनीच उरला नाही, तर विचारायचं कोणाला? नुसतं बोट दाखवा."

राजाने बोट दाखवले. कस्तुरीमृग भरतकाम होऊन शालीवर बसला. मग अस्वल, मग हिमबिबट्या. मग कोल्हे, ससे, तितर. राने मुकी झाली. लोक सीमेवर उभे राहून हाका मारीत. उत्तर येईना, म्हणून कोणी पाऊल टाकीना. सरपणावाचून चुली विझल्या, मेंढ्या चाऱ्यावाचून ओरडू लागल्या.

एके सकाळी राजकन्या कुमुदिनीने शालीवरच्या मृगाला हळूच गोंजारले. शालीने तिला ओढून घेतले. पावलांकडून ती धागा होऊ लागली. राजाने शाल ओरबाडली, पण ती खांद्यांवरून निघेना.

"ओरडून टाके उसवत नाहीत, राजा," खिडकीतून डोमकावळा म्हणाला. तेवढा एकच पक्षी उरला होता. दिसायला बरा नाही म्हणून राजाने त्याच्याकडे बोट केले नव्हते. "शाल तीन गाठींवर तगली आहे. मृगाची, अस्वलाची, हिमबिबट्याची. ज्याच्या त्याच्या सीमेवर जा आणि रीतीनं विचार. उत्तर येईल तसं वाग, गाठ सुटेल. उत्तराआधी पाऊल पडलं, तर गाठ कायमची. सूर्य मावळला की लेक पुरती धागा."

राजा लेकीला पाठीवर घेऊन धावत सुटला.

भूर्जबनापाशी तो थांबला. "मी वज्रकेतू, या राज्याचा अधिपती, शत्रूंचा..."

"आबा," पाठीवरून कुमुदिनी म्हणाली, "माझे गुडघे गेले."

"धनी, येऊ का?"

"ये," शालीतून मृग म्हणाला. राजाने पाऊल टाकले, गाठ सुटली, मृग उडी मारून बनात दिसेनासा झाला.

अस्वलाची गुहा कड्याखाली होती. वरून दगड घरंगळत होते.

"कोण?" शालीतून अस्वलाने विचारले.

"वज्रकेतू. येऊ का?"

"आणलंस काय?"

"काही नाही."

"मग थांब. आधी जांभई देऊ दे."

अस्वलाची जांभई ती! ढग आले नि गेले, कानाजवळून दगड गेले. राजा जागचा हलला नाही. कुमुदिनी छातीपर्यंत धागा झाली, तेव्हा कुठे अस्वल म्हणाले, "ये." राजाने पाऊल टाकले, दुसरी गाठ सुटली.

बर्फाच्या सीमेवर पोचेतो सूर्य शिखराला टेकला होता.

"मी वज्रकेतू. धनी, येऊ का?"

उत्तर नाही.

पुन्हा विचारले. वारा तेवढा वाजला.

समोर बर्फात धूमाक्ष उभा होता. न विचारता आत शिरलेला. "महाराज, एक पाऊल पुढे टाका. मी तिला ओढून काढतो. मांजराची कसली वाट पाहता?"

राजाने पाऊल उचलले.

"आबा, नका..." एवढेच बोलली कुमुदिनी. तिचे ओठ शिवले गेले. आता नुसते डोळे उरले.

उचललेले पाऊल हवेतच थांबले. मग राजाने ते मागे घेतले, गुडघे टेकले आणि तिसऱ्यांदा विचारले, "धनी, येऊ का?"

शालीतून हिमबिबट्या बोलला.

"नको."

धूमाक्ष खदखदून हसला. राजाने मान वळवून पाठीवरच्या लेकीचे डोळे पाहिले, तेही मिटत आले होते. मग तो हिमबिबट्याला म्हणाला,

"बरं."

आणि तो मागे वळला.

तिसरी गाठ तटकन सुटली. हिमबिबट्या राजाच्या डोक्यावरून झेपावला. धूमाक्षाचे पुढे काय झाले ते त्यालाच विचारा. विचाराल ते मात्र लांबून. कोल्हे, ससे, तितर भराभर उतरून आपापल्या रानी गेले. शाल कोरी झाली आणि कुमुदिनी सीमेच्या अलीकडे धपकन पडून शिंकली.

खालून लोकांच्या हाका आल्या, रानांतून उत्तरे गेली.

"आबा, राजवाडा तो काय, समोरच आहे," कुमुदिनी कुडकुडत म्हणाली. "हा बर्फ ओलांडला की पोचलो."

"धनी नको म्हणाला आहे, बाळ."

"मग?"

राजाने ती शाल लेकीभोवती गुंडाळली आणि आल्या वाटेने, अख्ख्या डोंगराला वळसा घालून तो चालू लागला.