मागून येणारा आवाज

"मग सोडू का गोळ्या, बुवा?"

मच्छिंद्रने पुन्हा विचारलं. गेनूबुवा मठाच्या ओसरीवर टाळांच्या दोऱ्या बदलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कशापायी?"

"पाठांतर गेलं माझं. पंचक्रोशीत असं पाठांतर कुणाचं नाही, असं तुम्हीच म्हणायचात."

ते खरं होतं. स्किझोफ्रेनिया जडण्याआधी मच्छिंद्रला एकच बाधा होती, ती 'ग'ची.

"गोळ्यांनी डोकं जड होतं. उद्या कीर्तनात चरण आठवला नाही तर शोभा होईल. त्यापेक्षा आजपासून गोळीच नको."

"विसरायला होतंय, हे डॉक्टरला सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"…विसरलो."

बुवा हसले. मच्छिंद्रलाही हसू फुटलं. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे त्याला बरं वाटलं.

"गोळ्या नव्हत्या तेव्हा विसरत नव्हतास?"

मच्छिंद्रची मान खाली गेली. तेव्हा मागून कुणीतरी बोलायचं. चरण सांगायचं, शिव्याही घालायचं. भर कीर्तनात तो मागे वळून भिंतीवर ओरडला होता, तेव्हा टाळकरी घाबरून पांगले होते. त्याच आवाजाने एकदा त्याला विहिरीच्या काठापर्यंत नेलं होतं.

"तेव्हा सांगणारा होता," तो पुटपुटला.

"गा."

मच्छिंद्रने अभंग धरला. पहिला चरण नीट गेला. दुसऱ्याच्या तोंडाशी तो अडला. काही केल्या शब्द येईना. कपाळावर घाम आला…

मागून टाळ वाजला.

बुवा कधी उठून मागे उभे राहिले, ते त्याला कळलंच नव्हतं. त्यांनी आपल्या घोगऱ्या आवाजात राहिलेला चरण उचलला. मच्छिंद्र त्यांच्या मागोमाग गात गेला, आणि अभंग पुरा झाला.

"पण बुवा, मी विसरायचं अन् टाळकऱ्यांनी सांगायचं?"

"मग ते मागं उभे कशाला असतात? शोभेला?"

मच्छिंद्रने खिशातली गोळी काढली आणि तांब्यातल्या पाण्याबरोबर घेतली. खूप हलकं वाटलं त्याला.

"परवा डॉक्टरला सगळं सांगतो. औषध कमी-जास्त करता येतं का, विचारतो." तो थांबला. "तिथंही विसरलो तर?"

"मी येतो की संगं."

बुवांनी परत बसून दोरीची शेवटची गाठ मारली आणि टाळ एकदा वाजवून पाहिला.

"अन् उद्या मागनं आवाज आला, तर भिऊ नको. खुशाल वळून बघ."