मठाची नवी गाडी

"...म्हणजे शेवटी हायब्रिडच घ्यावी, असं ठरतंय. चालेल ना, बुवा?"

विहिरीच्या काठावर बसलेल्या गंगाधरबुवांनी कळशी उचलली आणि डोक्यावर ओतली.

विश्वंभर जरा बाजूला सरकला. मठात येण्याआधी तो मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होता. मठाची जुनी जीप कायमची बंद पडली, भक्तांनी नवी गाडी देऊ केली आणि निवड या हुशार शिष्यावर सोपवली. तेव्हापासून जो खल चालला होता तो संपायचं नाव घेत नव्हता. त्याचं स्वतःचंच डोकं पिकून गेलं होतं. पण दिसली गाडी की घेतली, असल्या माणसांतले आपण नव्हे, याचा त्याला अभिमानही होता.

"पूर्ण विजेची गाडी धूर सोडत नाही, हे खरं. पण आपल्याकडे वीज कधी जाईल, नेम नाही. घाटात बॅटरी संपली तर तुम्हाला घेऊन रस्त्यात बसू का मी? हायब्रिडला ती भीती नाही. उतारावर बॅटरी आपोआप भरते, चढावर पेट्रोल आहेच."

"बरं..."

"पण पेट्रोल जाळायचं म्हणजे मनाला लागतं, बुवा. मठानेच धूर सोडला तर लोकांना काय सांगायचं?"

"हं..."

पुन्हा एक कळशी. विश्वंभरने कळशी उचलायला हात लावला, पण बोलणं काही थांबवलं नाही.

"तरी आता नक्की. गाडी आली की पहिली फेरी चाफेवाडीची. धोंडूबुवांकडे."

धोंडूबुवा हे बुवांचे गुरुबंधू. दोघे एकाच गुरूंपाशी वाढलेले. ते घाटापलीकडे अंथरुणाला खिळून होते. 'एकदा धोंडूला बघून यायचंय,' असं बुवा उन्हाळ्यात म्हणाले होते. 'नवी गाडी येतेच आहे, आरामात जाऊ,' असं विश्वंभरच म्हणाला होता. आता थंडी पडू लागली होती.

बुवांनी आणखी पाणी ओतलं. धोतर, उपरणं, सगळं अंगावर तसंच होतं.

विश्वंभर बोलता बोलता थांबला.

"बुवा... पहाटे आंघोळ झाली होती ना तुमची?"

"झाली होती."

"मग ही..."

आपलं माणूस गेल्याची बातमी आली की नेसत्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं, हे विश्वंभरला लहानपणापासून ठाऊक होतं.

"कधी गेले?"

"रात्री... 'गंगाधर निघाला का,' असं विचारत होता म्हणे."

विश्वंभरला रडू आवरेना. त्याने घाईघाईने बुवांच्या खांद्याला आधार दिला.

"चला, बुवा. मातीला तरी पोहोचू. दुधाचा टेम्पो घाटापलीकडे जातो, सुटेलच एवढ्यात. मी तुम्हाला धरून बसतो."

बुवांनी धोतराचा सोगा पिळला. ते फार थकलेले दिसत होते.

"तो टेम्पो रोजच जातो, विश्वंभरा."