कुठं उसवलंय ते दाखवा

एका चातुर्मासात मी नेम धरला होता, की गावच्या वाचनालयातली फाटकी पुस्तकं रोज बसून दुरुस्त करायची. सोबतीला आमच्या वेणूआत्या होत्या. खळ त्या करायच्या, शिवण मी घालायची. पुढे आत्यांचे डोळे अधू झाले. वाचनालयाच्या टॅबवर अक्षर मोठं करून त्या ई-पुस्तकं वाचू लागल्या, आणि एक दिवस अर्धी वाचलेली कादंबरी उघडेचना. वाचनालयानं घेतलेल्या ई-पुस्तकाची वर्षाची मुदत संपली, पुन्हा विकत घ्या, असा प्रकाशकांचा निरोप आला.

वर्धापनदिनाला तेच प्रकाशक, भडकमकरसाहेब, पाहुणे म्हणून आले. आत्यांनी कादंबरीचं विचारलं तेव्हा हसून म्हणाले, "आजी, कागदाचं पुस्तक वर्षभरात हाताळून फाटतंच की. ई-पुस्तकालाही तोच न्याय."

"फाटतं हो," आत्या म्हणाल्या, "पण आम्ही ते शिवतो." त्यांनी टॅब साहेबांपुढे ठेवला आणि मला म्हणाल्या, "सुई-दोरा आण गं. साहेब, हे कुठं उसवलंय तेवढं दाखवा. मला दिसत नाही, पण हिचे डोळे चांगले आहेत."

सभेत कुणी हसलं नाही. साहेबांनी टॅब उलटसुलट केला आणि मान खाली घातली. त्यांच्याकडे बघून मलाच ओशाळल्यासारखं झालं.

"उसवलं नाही, आजी. मीच बंद केलंय," ते हळूच म्हणाले, आणि चहा घेण्याआधी कचेरीत फोन करून कादंबरी उघडून दिली.

तुमच्या वाचनालयात कुणाचं पुस्तक असं अर्ध्यात बंद झालं, तर बायांनो, गप्प बसू नका. लाज वाटणारी माणसं अजून आहेत. तुम्ही फक्त गोड शब्दांत विचारा.