मोजणारा उभा राहतो ती जागा

एका राज्यात जमीन मोजणाऱ्यांचा मान राजाच्या खालोखाल होता. दरबारात आधी कोणी बसायचे, सेनापतीने की राजमोजणीदाराने, यावरून एकदा तलवारी उपसल्या गेल्या आणि माघार सेनापतीला घ्यावी लागली. हा मान काही फुकटचा नव्हता. रोज जागा बदलणारी वाळूची टेकडी त्या राज्यातल्या मोजणीदारांनी मोजली होती. समुद्राचा काठ त्यांनी दोनदा मोजला होता, भरतीचा वेगळा आणि ओहोटीचा वेगळा. त्यांचा नकाशा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

त्यांची एक रीत मात्र परक्यांना चमत्कारिक वाटे. ज्या जागी काठी रोवून मोजणारा उभा राहिला, ती अंगठ्याएवढी जागा तो नकाशात कोरी सोडी. आपल्या पायाखालची जमीन आपल्याला दिसत नाही, आणि जे दिसले नाही ते मोजले म्हणणे ही चोरी, असे ते मानत. कोरी जागा नसलेल्या नकाशावर राजा मुद्रा उठवीत नसे.

राजाचे नाव रणकेतू. त्याच्या राजमोजणीदाराचे नाव भूमिधर, आणि भूमिधराची मुलगी शाल्मली. साखळीचे दुसरे टोक धरून ती बापामागे रानोमाळ हिंडली होती. तिचे हात खरखरीत होते, बोलणे मोजके होते आणि नजर सरळ होती.

एके दिवशी विषमाक्ष नावाचा मांत्रिक गिधाडावर बसून दरबारात उतरला. गिधाडाला त्याने खांबाला बांधले आणि तो राजाला म्हणाला, "राजा, तू सारे मोजलेस. आता मनुष्याचे मन मोजून दाखव. कणही वगळायचा नाही. दाखवलेस तर माझा खजिना तुझा. न दाखवलेस तर मोजणारे माझे."

राजाने भूमिधराकडे पाहिले. चाळीस वर्षांत भूमिधराने कशालाही नाही म्हटले नव्हते. आपलीच रीत त्याला त्या क्षणी आठवायला हवी होती. पण भरल्या दरबारात मोठेपणा माणसाच्या डोक्यात चढतो, आणि तो म्हणाला, "मोजू." त्या एका शब्दाने घात झाला. राजा, भूमिधर आणि सात पंडित मांत्रिकाच्या डोंगरावर गेले. पंडितांचे काय, पालखी आली की ते बसतात.

महिना लोटला. भूमिधराबरोबर गेलेली त्याची पाळीव साळुंकी एकटीच परत आली. तिला तीन भाषा येत होत्या, पण घडले ते तिने एकाच भाषेत सांगितले. नऊही जण मांत्रिकाच्या अंगणात बसून आपापले मन मोजत होते. भूमिधर म्हणे, मी विचार करतो, हा एक. मी विचार करतो असा विचार केला, हा दुसरा. तोही मोजला, हा तिसरा. मोजणी पुरी होत आली की नवा विचार उगवे आणि माप पुन्हा अपुरे पडे. त्यांना थांबता येत नव्हते. पायापासून वर दगड चढत होता आणि साळुंकी निघाली तेव्हा तो कमरेला पोचला होता.

इकडे राजमुद्रेवाचून राज्य अडले. कज्जे तुंबले, वेशी बंद पडल्या, आणि पेरणी तोंडावर आली तरी बियाण्याची कोठारे उघडेनात. प्रधानाला सैन्य धाडावेसे वाटत होते. शाल्मली म्हणाली, मी जाते. प्रधानाने तिला समजावले की जिथे एवढे पंडित हतबल होऊन बसले, तिथे तुझ्यासारखी काय करणार?

"मी उभी राहीन," शाल्मली म्हणाली, आणि काठी, साखळी व साळुंकी घेऊन निघाली.

तीन दिवस चालून ती डोंगरावर पोचली. विषमाक्ष दारातच उभा होता. दिसायला राजबिंडा, पण डोळ्यांत ओल नव्हती, आणि तो हसला की हसू ओठांवर जरा उशिरा येई. काखेत त्याने हस्तिदंती करंडक धरला होता. त्याने तीन कामे सांगितली. पहिली दोन साधली तर तिसरे काम तिच्या बापाला दिलेलेच होते, मन मोजण्याचे. ते साधले तर सगळे सुटणार होते. एकही चुकले, तर तिने बापाशेजारी बसायचे.

पहिले काम झाडाचे. त्याच्या बागेत एक झाड होते, कुणी पाहिले की वाढणारे आणि नजर वळली की पुन्हा आखडणारे. त्याची न पाहतानाची उंची सांगायची होती. मोठमोठे सुतार त्याच्याकडे पाहत राहिले आणि झाड ढगात गेले. शाल्मली बागेत पाठमोरी शिरली. साळुंकीला तिने डोळे मिटायला लावले. मग जमिनीवरची झाडाची सावली मोजली, आपल्या काठीची सावली मोजली, आणि दोन्हींचा मेळ घालून म्हणाली, सतरा हात. ते बरोबर होते.

दुसरे काम दरीचे. त्या दरीत बोललेला आवाज विरत नसे, तिथेच राहून बोलत बसे. दरीत उभे राहून आवाज किती, ते मोठ्याने सांगायचे होते. शाल्मली सकाळपासून दुपारपर्यंत ऐकत राहिली. तांदळातले खडे निवडावेत तसे तिने आवाज एकेक करून बाजूला काढले. तेवढा वेळ साळुंकी गप्प राहिली, आणि साळुंकीला गप्प राहणे किती जड जाते ते ज्याने पाळली त्यालाच ठाऊक. आवाज भरले अठ्ठेचाळीस. शाल्मलीने दरीत सांगितले, एकोणपन्नास. एकोणपन्नासावा तिचा स्वतःचा होता. या वेळी विषमाक्षाचे हसू फारच उशिरा आले.

मग त्याने तिला अंगणात नेले. दगड भूमिधराच्या गळ्यापर्यंत चढला होता. फक्त ओठ हलत होते. बापाला असे पाहून शाल्मली रडली, लपवून नाही, चांगली हुंदके देऊन रडली. मग डोळे पुसून तिने कातडे पसरले, शाई कालवली आणि आपल्या मनाचा नकाशा काढायला बसली.

तिने राग काढला. ती नदी होती, सकाळी दुथडी आणि सांजेला कोरडी. चुलत बहिणीची रेघ आपल्याहून बारीक येते, तो मत्सर काढला, बाभळीच्या बनासारखा. एका कोपऱ्यात दाट अरण्य आले. तिथे तिने लिहिले, येथे गेले नाही, आहे एवढे माहीत. बापावरच्या मायेचा डोंगर काढायला घेतला तर कातड्याचा चवथा हिस्सा त्यातच गेला. आणि त्या डोंगराच्या पायथ्याशी तिला एक दलदल दिसली. बाप दरबारात "मोजू" म्हणाला तेव्हा ती त्याच्या मागेच उभी होती. हे आपल्या रीतीत बसत नाही, हे तिला तेव्हाच कळले होते. तरी ती बोलली नाही. एकदा तरी यांचे चुकावे, असे तिला वाटले होते. तिने दलदल जिथे होती तिथे आणि जेवढी होती तेवढीच काढली, आणि शेजारी बारीक अक्षरात ते लिहिले.

सारे काढून झाले, आणि मधोमध नकाशा काढणारी शाल्मली तेवढी उरली. तिने तीही काढायला घेतली. तिच्या हातात नकाशा आला, त्या नकाशात पुन्हा शाल्मली आली, तिच्या हातात आणखी बारीक नकाशा आला. लेखणी थांबेना. पायाच्या बोटांना गार लागले, मग घोट्यांना. दगड चढू लागला होता. आणखी एकच काढू, मग पुरे होईल, असे तिला मनापासून वाटत होते. बापालाही असेच वाटले असणार, हे ध्यानात आले तेव्हा तिने दातओठ खाऊन लेखणी उचलली. काढलेले खरवडून मधली अंगठ्याएवढी जागा कोरी केली, आणि घोट्यांवरचा दगड फोडत ती उभी राहिली.

"झाले," ती म्हणाली.

विषमाक्षाने नकाशावरून नजर फिरवली. "ही जागा कोरी आहे."

"आहे."

"तिथे काय आहे?"

"तिथे मी उभी आहे."

"म्हणजे माप अपुरे. तू हरलीस."

"मांत्रिका, अपुरे माप आणि खोटे माप यांतला फरक आमच्याकडे पोरासोरांना कळतो," शाल्मली म्हणाली. "मनुष्याला आपले मन सगळेच्या सगळे कळायचे नाही, कारण त्यातले थोडे नेहमी पाहण्याच्या कामावर असते. ते स्वतःला कसे दिसणार? त्यात कमीपणा नाही. पाहणारे कुणी आहे, याचा मला अभिमान आहे."

विषमाक्ष म्हणाला की शर्त कणही न वगळण्याची होती, आणि ती पाळता येते. त्याने स्वतः पाळली होती. त्याने करंडक उघडला. शंभर वर्षांपूर्वी आपले मन सगळे पाहता यावे म्हणून त्याने ते मुळासकट बाहेर काढून त्यात ठेवले होते. खजिना म्हणावा तर तोच. करंडकात ते मंद उजळत होते, आणि सुंदर होते. शाल्मलीने वाकून ते आदराने पाहिले. मग विचारले, "तू हे पाहतोस तेव्हा कोण पाहते?"

विषमाक्षाने उत्तर द्यायला तोंड उघडले. आत उत्तर द्यायला कुणी नव्हते. सगळेच बाहेर काढताना त्याने अंगठ्याएवढीही जागा मागे ठेवली नव्हती. शंभर वर्षे तो करंडकासमोर बसला होता, आणि त्याने काहीही पाहिले नव्हते.

"कोणी नाही," तो अखेर म्हणाला.

जी शर्त घालणाऱ्यानेच पाळली नाही तिचा शाप टिकत नाही. मंत्र तुटला. करंडकातले मन उठले आणि आपल्या घरी गेले. राजबिंडा विषमाक्ष एकशेवीस वर्षांचा म्हातारा होऊन पायरीवर बसला आणि रडू लागला. या वेळी आसवे वेळेवर आली. नऊ जणांच्या अंगावरून दगड पोपडे सुटावेत तसा गळून पडला. राजाने म्हाताऱ्याला आपल्याबरोबर खाली न्यायचे ठरवले आणि त्यासाठी एक पालखी रिकामी करवली, तेव्हा एका पंडिताला डोंगर पायी उतरावा लागला.

वेशी उघडल्या, कोठारे उघडली, पेरणी वेळेत झाली, तुंबलेले कज्जे सुटले. एक काम मात्र राहिले होते. शाल्मलीच्या नकाशावर राजाला मुद्रा उठवायची होती, आणि रीतीप्रमाणे राजमोजणीदाराने भरल्या दरबारात तपासल्याशिवाय मुद्रा उठत नाही.

भूमिधर नकाशावर वाकला. नदी पाहिली, बन पाहिले, अरण्य पाहिले. दलदलीपाशी त्याचे बोट थांबले. तिथले बारीक अक्षर त्याने दोनदा वाचले.

"ही दलदल खरी?" त्याने विचारले.

"खरी."

"खोल किती?"

"पुरुषभर," शाल्मली म्हणाली. तिने नजर खाली केली नाही.

भूमिधराने मान हलवली. बोट पुढे सरकले आणि डोंगर चढू लागले, आणि बराच वेळ चढतच राहिले.

"हा डोंगर कोणता?"

"तुम्ही, बाबा."

"मग माप चुकले आहे, पोरी. मी एवढा नाही. एवढा असतो, तर त्या दिवशी दरबारात नाही म्हणालो असतो."

"मोजणी माझी आहे, बाबा. माप बरोबर आहे."

भूमिधराने वीतभर चुकीसाठी थोरामोठ्यांचे नकाशे परत धाडले होते, आणि चाळीस वर्षांत कुणाचेही माप नुसत्या शब्दावर मानले नव्हते. त्या दिवशी त्याने ते मानले, आणि नकाशा दोन्ही हातांनी राजापुढे धरला.